बागेत फरशी बसवायची आहे? आधी पाणी कुठं जाणार ते ठरवा

बागेत बसायला फरशीचा एक चौक करायचा किंवा गेटपासून मागच्या झाडापर्यंत पायवाट काढायची म्हटलं की पहिलं बोलणं रंगावरच सुरू होतं. करडी घ्यायची का पिवळसर, खडबडीत का गुळगुळीत, दोन बाय दोन का एक बाय दोन. साहजिक आहे, रोज डोळ्यांना दिसणार ते तेच. पण बाहेरची फरशी बिघडते ती बहुतेक वेळा खालून, आणि बिघडवणारं असतं पाणी.

ओळखीच्यांच्या बागेतली एक हलणारी फरशी आम्ही एकदा उचलून बघितली होती. काम जेमतेम दोन वर्षांचं. वरून काही कळत नव्हतं, फक्त पाय दिला की एक कोपरा खाली जायचा, समोरचा वर यायचा, आणि पाऊस होऊन गेलेला असला तर दरजेतून, म्हणजे दोन फरशांमधल्या फटीतून, गढूळ पाण्याची चिळकांडी थेट पायावर. पहार लावून फरशी उभी केली तर खाली मालाचे, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचे, पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, वाळून दगड झालेले. बाकी सगळी जागा पोकळ. त्या पोकळीत मुंग्यांनी बारीक मातीचे ढीग घातलेले, एका कडेला पाणी साचलेलं, आणि फरशीच्या पाठीवर त्या पाच गोळ्यांचे फक्त पाच पांढरे गोल डाग, म्हणजे माल दगडाला धरलाच नव्हता, फरशी नुसती टेकवलेली होती. दगड चांगला होता, महागातला होता, बसवणाऱ्याने कडाही सुरेख जुळवल्या होत्या. तरीही काम वाया गेलं, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटलं कारण खाली अजून अर्धं घमेलं माल टाकला असता तर ती फरशी पुढची तीस-चाळीस वर्षं हलली नसती.

म्हणून दुकानात जायच्या आधी बागेत उभं राहून एकच प्रश्न विचारा, इथं पडणारं पाणी जाणार कुठं? फरशी घातली की जे पाणी आत्तापर्यंत मातीत मुरत होतं ते सगळं पृष्ठभागावरून वाहायला लागतं, आणि त्याला तुम्ही वाट दिली नाही तर ते स्वतः शोधतं, भिंतीकडे, दरवाज्याकडे, नाहीतर फरशीखाली. वाट देणं म्हणजे ढाळ (उतार) काढणं. घरापासून लांब, झाडांच्या वाफ्याकडे किंवा गटाराच्या जाळीकडे. किती ढाळ? गुळगुळीत फरशी असेल तर ८० ला १, खडबडीत दगड असेल तर ६० ला १. ऐकायला अवघड वाटतं पण हिशोब सोपा आहे, घरापासून ३ मीटर लांबीचा चौक असेल तर ६० ला १ म्हणजे लांबचं टोक ५० मिमी खाली, दोन इंच. ८० ला १ म्हणजे साधारण ३८ मिमी, दीड इंच. एवढा ढाळ खुर्चीत बसलं की जाणवत नाही, टेबलावरचा पेला घसरत नाही, पण पाणी मात्र निघून जातं. यापेक्षा कमी ठेवला तर दगडाच्या उंचसखलपणातच पाणी अडकतं आणि तिथं शेवाळ धरतं.

घराच्या भिंतीजवळचा नियम तर कधीच मोडू नका. जोत्यात ओल वर चढू नये म्हणून जो थर घातलेला असतो त्याच्यापेक्षा तयार फरशीची पातळी कमीत कमी १५० मिमी म्हणजे सहा इंच खाली राहिली पाहिजे. पाऊस फरशीवर आपटून भिंतीवर उडतो, त्याचे शिंतोडे त्या थराच्या वर गेले की आतल्या खोलीत ओल येते आणि मग लोक वर्षभर रंगवाल्याला दोष देत बसतात. जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवायचा मोह होतो तेव्हा हीच पातळी बिघडते, पायऱ्यांची उंची बिघडते ती वेगळीच.

आता खणायचं किती ते वरून खाली मोजायचं. फरशी २५ मिमी, तिच्याखाली मालाचा थर ४० मिमी, त्याच्याखाली ठोकून बसवलेल्या खडीचा थर १०० मिमी, झाले १६५ मिमी, साडेसहा इंच. हे फक्त चालण्या-बसण्यासाठी. गाडी उभी करायची असेल तर खडीचाच थर १५० ते २०० मिमी किंवा जास्त लागतो, फरशीही जाड लागते. ४ बाय ३ मीटरचा चौक म्हणजे १२ चौरस मीटर, त्यातून जवळजवळ २ घनमीटर माती निघते, आणि खणलेली माती मोकळी होऊन पाव हिश्शाने तरी फुगते, तेव्हा अडीच घनमीटर माती टाकायची कुठं हे कुदळ मारायच्या आधी ठरवा, नाहीतर ढीग महिनाभर तिथंच पडून राहतो आणि पहिल्या पावसात सगळा खड्ड्यात परत येतो. वरची सुपीक माती बाजूला काढून वाफ्यांना वापरा, तिच्यात पालापाचोळा, मुळं असतात, ती कुजली की जागा खचते म्हणून फरशीखाली तिचा काहीच उपयोग नाही. जमीन काळी, चिकण असेल तर आणखी जपून. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, म्हणजे वर्षभर ती फरशीला वर-खाली ढकलत असते. तिथं जास्त खणा, खडीचा थर जाड करा, आणि माती व खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरा म्हणजे खडी चिखलात रुतत नाही आणि चिखल खडीत वर येत नाही.

खडीचं एक समजून घेतलं की बाकी आपोआप कळतं. गोल, गुळगुळीत गोटे कितीही ठोका, गोट्यांच्या पोत्यासारखे सरकतच राहतात. क्रशरवर फुटलेल्या खडीला कंगोरे असतात, ते एकमेकांत अडकतात. आणि सगळी एकाच मापाची खडी नको, साधारण ४० मिमीपासून पार भुकटीपर्यंत मिसळलेली पाहिजे, म्हणजे मोठ्यांच्या मधल्या फटीत मध्यम, मध्यमच्या फटीत बारीक आणि उरलेल्या जागेत भुकटी बसते. किंचित ओली करून पसरायची आणि एका वेळी तीन-चार इंचांपेक्षा जाड थर न टाकता प्रत्येक थर वेगळा ठोकायचा. जागा लहान असेल तर हाताचं धुम्मस चालतं पण हात भरून येतात, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे खडी ठोकून दाबणारं मशीन, एक दिवस भाड्याने आणलं तर काम फार चांगलं होतं. एकदम जाड थर टाकून वरून मशीन फिरवलं तर वरचे दोन-तीन इंच घट्ट होतात आणि खालचं पोकळ राहतं, बाहेरून कळत नाही, दोन पावसाळ्यांनी कळतं. ठोकून झालं की बुटाची टाच जोरात दाबून फिरवा, ठसा उमटला तर अजून ठोका. आणि ढाळ खालूनच काढून घ्यायचा बरं का, माती तासतानाच, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे थर त्याच ढाळात जातात. वरच्या मालातून ढाळ काढायला गेलं की एका बाजूला एक इंच माल आणि दुसऱ्या बाजूला तीन इंच होतो, तो वेगवेगळा आकसतो आणि फरशा वर-खाली होतात.

आता दगडाकडे येऊ. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट सगळ्यात टणक, पाणी फार कमी पितात, डाग कमी पडतात, फक्त कापायला त्रास. पण काळा दगड उन्हात तापतो, अनवाणी पाय ठेवता येत नाही, त्यामुळे दिवसभर ऊन असलेल्या जागी फिकट रंग बरा. सँडस्टोन म्हणजे वालुकाश्म दिसायला फार छान, रंगात उतारचढाव असतात, पण तो थराथराचा असतो आणि हलक्या प्रतीचा असेल तर पापुद्रे निघतात, पाणीही पितो. चुनखडीचा दगड, आपली शहाबादी त्यातलीच, एकसारखा आणि शांत दिसतो, पण त्याला आम्ल चालत नाही. खात्री नसेल तर तुकड्याच्या पाठीवर लिंबाचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले किंवा तिथला भाग फिका झाला तर दगड चुनखडीचा, आणि मग त्याच्यावर आयुष्यात कधी अ‍ॅसिड ओतून फरशी धुवायची नाही. स्लेट सुंदर असते पण तीही थराने सुटणारी. काँक्रीटच्या लाद्या एकसारख्या मापाच्या, बसवायला सोप्या, पण ३५ ते ५० मिमी जाड असल्याने जड. किती जड म्हणाल तर दोन बाय दोनची, म्हणजे ६०० बाय ६०० मिमीची, ५० मिमी जाडीची एक लादी ४० किलोच्या घरात जाते. तेवढ्याच मापाचा २५ मिमी ग्रॅनाइट साधारण २४ किलो. एकट्याने बसवणार असाल तर हा आकडा रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

बाहेरची पोर्सिलेन २० मिमी जाडीची येते. घरातली आठ-दहा मिमीची टाइल बाहेर वापरू नका, दिसायला सारखीच दिसली तरी. पोर्सिलेन पाणी जवळजवळ पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्काही नाही, म्हणून डाग पडत नाहीत, पण त्याच कारणाने सिमेंटही तिला धरत नाही, त्यावर पुढे बोलतो.

कुठलाही दगड घेताना दोन गोष्टी हातानेच तपासा. फरशीवर चमचाभर पाणी टाका आणि थांबा, लगेच शोषून घेऊन दगड काळवंडला तर तो पाणी पिणारा आहे, म्हणजे तेलाचे डागही पिणार. पाच-दहा मिनिटं थेंब तसाच उभा राहिला तर दगड घट्ट. दुसरं म्हणजे फरशी एका कडेवर उभी धरून बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत तडा किंवा थर सुटलेला असू शकतो.

घसरण्याचा विचार तर केलाच पाहिजे, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर सगळ्यात आधी. आरशासारखं पॉलिश बाहेर नकोच. ग्रॅनाइट फ्लेम फिनिशमध्ये (ज्वाळेने खडबडीत केलेला) किंवा टाचलेला घ्या, पोर्सिलेन घेताना खोक्यावर आर ११ लिहिलंय का बघा, हा आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आणि तुकडा दुकानात कोरडा चाळवून उपयोग नाही, पाणी टाकून त्यावर चपलेचा तळवा घासून बघा.

किती घ्यायची? क्षेत्रफळ काढा आणि १० टक्के जास्त, तिरक्या मांडणीला १५ टक्के. सगळ्या फरशा एकदमच मागवा कारण नैसर्गिक दगडाची खेप बदलली की रंग बदलतो, आणि बसवताना तीन-चार गठ्ठ्यांतून एक-एक उचलत जा, एक गठ्ठा संपवून दुसरा उघडला तर चौकाचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसतो. हे नंतर काही केल्या सुधारत नाही.

जागेचं माप फरशीवरून ठरवलं तर कापाकापी खूप वाचते. समजा ६०० मिमीची फरशी आणि १० मिमीची दरज, तर पाच फरशांची रुंदी होते ३,००० अधिक चार दरजांचे ४०, म्हणजे ३,०४० मिमी. तुम्ही कागदावर ३,२०० काढलं असेल तर कडेला दीडशे मिमीची बारकी पट्टी कापून बसवावी लागते, जी दिसायलाही वाईट आणि हलतेही सगळ्यात आधी. त्यापेक्षा चौकच १६० मिमीने लहान करा आणि ती जागा झाडांना द्या. काटकोन बघायला गुण्या लहान पडतो, तिथं ३-४-५ चं माप वापरायचं. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की काटकोन पक्का. मग माल न घालता फरशा नुसत्या मांडून बघा, चार फरशांचे कोपरे एका ठिकाणी येऊन अधिकाची खूण होणार नाही अशी एक ओळ अर्ध्याने सरकवली तर मापातला थोडाफार फरक लपतो.

आता माल. एक भाग सिमेंट, चार ते पाच भाग वाळू, आणि पाणी इतकंच की मुठीत दाबला की गोळा होतो पण बोटांमधून ओघळत नाही. थर सलग पसरायचा, फरशीच्या पूर्ण मापाचा, कुठेही खड्डा न ठेवता, आणि हव्या त्या पातळीपेक्षा जरासा वर, म्हणजे ठोकल्यावर खाली बसायला जागा राहते. फरशीची पाठ ओल्या ब्रशने पुसा, करवतीची पांढरी भुकटी तिच्यावर असते आणि ती राहिली की माल दगडाला न धरता भुकटीला धरतो. मग पाठीवर सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, फासा, तिच्यात एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं पांढरं रबरी द्रावण) मिसळलेलं असेल तर उत्तम, किंवा तयार प्रायमर येतो तो लावा. स्लरी ओली असतानाच फरशी मालावर ठेवायची, वाळली की ती उलट आडकाठी होते. नैसर्गिक दगडाला हे करावंच, पोर्सिलेनला तर याशिवाय बसवूच नये, नुसत्या मालावर बसवलेली पोर्सिलेन काही महिन्यांत अख्खी सुटून हातात येते.

रबरी हातोड्याने मध्यापासून कडेकडे ठोकत आणा, लाइनदोरी आणि लेव्हल बघत. हातोडा पांढऱ्या रबराचा घ्या, काळा रबर फिकट दगडावर डाग सोडतो. आणि माझं ऐकाल तर पहिली फरशी नीट बसवून झाली की ती परत उचला. हो, उचलाच. पाठीवर सगळीकडे माल लागलेला दिसला तर तुमचा थर बरोबर आहे, कुठे कोरडं दिसलं तर तिथं पोकळ राहत होतं. पाच मिनिटं जातात पण पुढच्या पन्नास फरशांचा अंदाज येतो. गवंड्याकडून काम करून घेत असाल तर हे त्यांना पहिल्याच दिवशी गोडीत सांगा की मला गोळ्यांवर फरशी नको, पूर्ण मालावर हवी, चांगला गवंडी कधी वाईट मानत नाही.

दरजा ठेवायच्याच, फरशीला फरशी चिकटवून बसवू नका. उन्हाने दगड किंचित फुगतो, मग कडा एकमेकींवर दाबून उडतात, आणि बारीक फटीत मालही भरता येत नाही. नैसर्गिक दगडाला १० मिमी किंवा थोडी जास्त, पोर्सिलेनला ५ मिमी चालते. निदान एक दिवस जाऊ द्या आणि मग दरजा भरा, एक भाग सिमेंट आणि तीन ते चार भाग बारीक वाळू, पट्टीने आत दाबून दाबून. वरून कोरडा माल झाडूने लोटून पाणी मारायची पद्धत दिसते बऱ्याच ठिकाणी, ती झटपट होते पण दरज अर्धी पोकळ राहते आणि दगडावर सिमेंटचे डाग कायमचे बसतात. घराच्या भिंतीला लागून मात्र सिमेंट न भरता लवचिक सीलंटची दरज ठेवा.

फरशी कापताना पाण्यासोबत वापरता येणाऱ्या ग्राइंडरला डायमंड ब्लेड आणि वरून पाण्याची धार, हे विसरू नका. कोरडं कापलं की जो पांढरा धूर उठतो त्यात सिलिकाची अतिशय बारीक धूळ असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही, चांगला मास्क लागतो, चष्मा लागतो. काम दुसरा माणूस करत असला तरी पाण्याची नळी आणि मास्क तुम्ही आणून ठेवा, तो त्याचा श्वास आहे.

पायवाटेचं थोडं वेगळं. एका माणसाला ६०० मिमी म्हणजे दोन फूट पुरतात पण अंग चोरून चालावं लागतं, ९०० मिमी आरामशीर, दोघं बोलत जायचे असतील किंवा व्हीलचेअर जायची असेल तर १,२००. ढाळ एका बाजूला, वाफ्याकडे. दोन्ही कडांना बाहेरून मालाचा उतरता टेकू द्या, नाहीतर कडेची फरशी मातीत निसटत जाते आणि तिच्यामागून सगळी ओळ सैल होते. हिरवळीत सुट्या फरशा टाकायच्या असतील तर टेपने मोजण्याआधी तिथून नेहमीच्या चालीने चालून बघा, घरातल्या सगळ्यात लहान पावलाच्या माणसालाही चालवा, बहुतेक मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिमीच्या आसपास येतं. आणि त्या फरशा गवतापेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली बसवा, गवत कापायचं मशीन वरून सरळ निघून जातं. झाडाच्या बुंध्याला लागून फरशी नको, मुळांना हवा-पाणी पाहिजे आणि नाही मिळालं तर ती फरशी उचलून घेतातच.

काम झाल्यावर दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, आठवडाभर कुंड्या, झोपाळा वगैरे जड काही नाही, आणि उन्हात माल फटकन वाळू नये म्हणून हलकं पाणी मारत राहा किंवा ओली पोती टाका. सिमेंटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. पुढच्या काही आठवड्यांत फरशीवर पांढरट पूड दिसली तर घाबरू नका, सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरा होतो, कोरड्या ब्रशने झाडत राहिलं की हळूहळू कमी होतो, त्याच्यावर लगेच अ‍ॅसिड टाकू नका आणि सीलरही (डाग-पाणी अडवणारा लेप) तो थांबल्याशिवाय लावू नका, नाहीतर पांढरेपणा आतच कोंडतो.

मग पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन बाहेर या आणि पाणी कसं जातंय ते बघत उभे राहा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जिथं अजून डबकं असेल त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा, आणि वाळल्यावर तिथली फरशी वाजवून बघा. बद्द वाजली तर तीच एक फरशी आत्ताच काढून पूर्ण मालावर परत बसवून घ्या, शेजारच्या दरजा सुटायच्या आत.